मराठीसाठी नवी लिपी घडवतोय, चर्चा हवी आहे

कित्ता (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून चाललेलं एक काम आज इथे मांडतो आहे. मराठीसाठी एक नवी लिपी घडवतोय. देवनागरीवर राग नाही, ती सोडा असं कुणाला सांगायचंही नाही. मराठी बोलताना तोंडात जे घडतं ते कागदावर उतरवायला अगदी पाटी कोरी करून बसलं तर काय हाती लागेल, हे मला बघायचं आहे.

'चिंच' हा शब्द सावकाश म्हणून बघा. पहिल्या 'चि'ला जीभ टाळूला चिकटते, 'चिमणी' म्हणताना चिकटते तशी. शेवटच्या 'च'ला जिभेचं टोक दातांमागे येतं, 'चाक' म्हणताना येतं तसं. आवाज दोन, अक्षर एक. 'जगात जगायचं कसं' यातला पहिला ज वेगळा, दुसरा वेगळा. अनुस्वाराचं टिंब घ्या. 'संप'मध्ये ते म् आहे, 'संत'मध्ये न्, 'शंख'मध्ये ङ्, आणि 'संवाद'मध्ये ओठ पुरते न मिटता नाकातून येणारा व्. आपण हे बिनचूक वाचतो, कारण भाषा आधीच येत असते. नव्याने मराठी शिकणारा मात्र प्रत्येक टिंबापाशी अडतो.

माझ्यासमोर नमुना आहे तो कोरियन लिपीचा. सेजोंग राजाने ती १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली. तेव्हा २८ अक्षरं होती, आज मूळ २४ मानतात. 'क'सारख्या आवाजाच्या अक्षरात जिभेचा मागचा भाग उचललेला दिसतो, 'न'च्या अक्षरात जिभेचं टोक वर टेकलेलं. 'म'चं अक्षर म्हणजे तोंडाची चौकट, 'स'चं म्हणजे दात. आवाज जोरकस झाला की त्याच आकारात एक रेघ वाढते. आपल्या वर्णमालेत हा विचार मांडणीत आहे, कंठापासून ओठांपर्यंत पाच वर्ग रांगेने येतात, पण आकारांत तो दिसत नाही. प-फ यांचं नातं डोळ्यांना कळतं. क-ख यांचं कळत नाही. उलट घ-ध आणि भ-म एकमेकांसारखे दिसतात, आणि त्यांच्या आवाजांत तेवढं सख्य नाही.

म्हणून मी पाच वर्गांना पाच मूळ रेघा दिल्या. महाप्राणाला (ख, घ यांसारख्या हवेचा झोत सोडून म्हणायच्या वर्णाला) खाली गाठ, घोष वर्णाला (ग, घ यांसारख्या, ज्यांत घशात कंप होतो) मध्ये आडवी रेघ, अनुनासिकाला (ङ, न, म यांसारख्या नाकातून येणाऱ्या) वर उघडा कंस. एवढ्यात पंचवीस अक्षरं बसतात. अडलोय ते तीन ठिकाणी. अक्षरात 'अ' गृहीत धरायचा की प्रत्येक स्वर उघड लिहायचा? दोन च, दोन ज, दोन झ यांना वेगळी अक्षरं द्यायची का? आणि जोडाक्षरं ठेवायची की सगळे वर्ण एकापुढे एक लिहायचे?

ज्यांनी असं काही केलं आहे किंवा पाहिलं आहे, त्यांनी हात आखडता न घेता लिहा.

खिळेजुळारी
*आकार नंतर, आधी हिशेब*

कित्ता, विषय फार आवडीचा काढलात. माझं रोजचं काम अक्षरांच्या आकारांचंच आहे, तरीही सांगतो की आकार थोडे दिवस बाजूला ठेवा. लिपी उच्चार लिहिणार की शब्द लिहिणार, हे आधी ठरवावं लागतं.

'गवत' घ्या. बोलताना शेवटचा अ गळतो, मधला राहतो. आता 'गवताचा' म्हणा. मधला अ गेला, आपण 'गव्ताचा' म्हणतो. उच्चाराबरहुकूम लिहायचं ठरवलंत तर एकाच शब्दाची दोन रूपं होतील आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात गवत सापडणार नाही. देवनागरीत ते सापडतं.

दोन च-चं त्याहून अवघड आहे. त्याचा, त्याची, त्याचे: पहिला च दातांमागचा, पुढचे दोन्ही टाळूवरचे. 'माझा' आणि 'माझी' यांतही हेच. तुम्ही वेगळी अक्षरं दिलीत तर एका सर्वनामाच्या रूपावलीत अक्षर मध्येच बदलेल. आणखी एक बघा. पुस्तकी मराठीत 'त्याचे पुस्तक', बोलण्यात 'त्याचं पुस्तक'. अर्थ तोच, व्याकरण तेच, पण च बदलला. इ, ई, ए आणि य यांच्या आधी मराठीत टाळूवरचाच च येतो, हा नियम आपल्या जिभेत मुरलेला आहे. म्हणजे शंका उरते ती फक्त अ, आ, उ, ओ यांच्या आधी. तेवढ्यासाठी पूर्ण नवं अक्षर की एखादी खूण, याचा विचार करा.

आणि उच्चार कुणाचा? वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो. नेमक्या उच्चाराची लिपी केलीत तर अकोल्याचा माणूस आणि पुण्याचा माणूस एकच शब्द वेगळा लिहितील. ते तुम्हाला हवं असेल तर उत्तम, पण ठरवून करा.

अक्षरवेडी
*मी स्वतःच्या लिपीत लिहिते*

मी कॉलेजात असल्यापासून रोजनिशी स्वतःच्या लिपीत लिहिते. सुरुवातीला ती लिपी नव्हतीच, ती सांकेतिक भाषा होती. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला एक चिन्ह, बस. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. हळूहळू लक्षात आलं की आपण फक्त मुखवटा बदलला आहे, आत देवनागरीच आहे. स्वर कुठे लिहायचे, दोन अक्षरं एकत्र आली की काय करायचं, हे आपलं आपण ठरवायला लागल्यावर ती खरी माझी लिपी झाली.

दोन अनुभवाच्या गोष्टी सांगते. चौकोनी वहीत सावकाश काढलेलं अक्षर सगळं छान दिसतं. त्याची परीक्षा भराभर लिहिताना होते. घाईत लिहिलेलं पान चार दिवसांनी काढा आणि वाचा. गाठ आणि आडवी रेघ या दोन्ही खुणा असलेल्या अक्षरांचा हमखास गोळा होतो, आणि तुमच्या योजनेत घ, झ, ढ, ध, भ या सगळ्यांना दोन्ही खुणा आहेत. दुसरं, आरशातल्या प्रतिबिंबासारखी अक्षरं टाळा. उजवीकडे वळलेला 'त' आणि डावीकडे वळलेला 'ट' कागदावर तर्कशुद्ध दिसतात, वाचताना डोळा फसतो. नियम जितका काटेकोर, तितकी अक्षरं एकमेकांसारखी होत जातात. थोडी अनियमितता वाचणाऱ्याच्या भल्याची असते.

साकची
*ओल चिकी*

जमशेदपुरात आमची दुसरी पिढी. इथे पाट्यांवर ओल चिकी ही संताळी भाषेची लिपी रोज दिसते, म्हणून लिहितो. स्वतःच्या भाषेला स्वतः लिपी घडवण्याचं आपल्या देशातलं सगळ्यात यशस्वी उदाहरण हेच असावं.

रघुनाथ मुर्मू ओडिशातल्या मयूरभंजचे, जन्म १९०५ चा. १९२५ मध्ये, म्हणजे विशीत, त्यांनी संताळीसाठी लिपी तयार केली. तेव्हा संताळी मुलगा ओडिशात शिकला तर उडिया लिपीत लिहायचा, बंगालमध्ये बंगालीत, बिहारमध्ये देवनागरीत, आणि मिशनऱ्यांच्या शाळेत रोमनमध्ये. भाषा एक असून मयूरभंजचं पत्र दुमक्यात वाचता येण्याची खात्री नव्हती. ही अडचण रोजच्या जगण्यातली होती.

कित्ता, तुमच्या प्रश्नांना त्या लिपीत थेट उत्तरं आहेत. अक्षरं ३०. मांडणी सहा ओळींची, ओळीत पाच अक्षरं, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला स्वर. अक्षरात 'अ' गृहीत नाही, काना-मात्रा नाहीत, जोडाक्षरं नाहीत, सगळं एकापुढे एक. छपाईला आणि टंकनाला किती सोपं! अक्षरांची नावं आणि आकार गावातल्या, रानातल्या गोष्टींवरून घेतले आहेत. 'उद' या अक्षराचा आकार अळंबीचा, आणि संताळीत अळंबीला उदच म्हणतात. त्यामुळे मुलाला अक्षर शिकवताना चित्र वेगळं काढावं लागत नाही.

आता खिळेजुळारी म्हणतात त्या खुणेबद्दल. संताळीत शब्दाच्या शेवटी तुटके व्यंजन असतात. जीभ किंवा ओठ जागेवर जातात आणि तिथेच अडतात, हवा सुटत नाही. मुर्मूंनी यासाठी नवी अक्षरं केली नाहीत. ग, ज, द, ब यांची अक्षरं शेवटी आली की ती तुटकीच वाचायची, आणि जिथे तसं वाचायचं नसेल तिथे 'अहद' नावाची एक खूण जोडायची. ज्या उच्चाराची सवय आहे तो बिनखुणेचा, वेगळ्याला खूण. तुमच्या दोन च-ना हे जसंच्या तसं लागू पडेल असं मला वाटतं.

लिपी करून ते थांबले नाहीत, हे तर मुख्य. स्वतः शिक्षक होते, त्यांनी प्राथमिक पुस्तकं लिहिली, नाटकं लिहिली. गावात नाटक बसलं की संवाद पाठ करायला अक्षरं शिकावी लागत. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संताळी आठव्या परिशिष्टात आली, २००८ मध्ये ओल चिकी युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात) आली, २०१८ पासून संताळी विकिपीडिया याच लिपीत आहे. २०११ च्या जनगणनेत संताळी बोलणारे ७३ लाखांहून अधिक होते.

बोरू
*आपल्याकडे दुसरी लिपी आहेच*

सगळं वाचलं. तरुण मंडळी अक्षरांवर एवढा विचार करतात याचा आनंद वाटला. पण कित्ता, मराठीला दुसरी लिपी हवी असेल तर ती दप्तरांत पडून आहे, तिचं नाव मोडी. शेकडो वर्षं मराठी माणसाने पोथी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहिली आणि व्यवहार मोडीत. हिशेब, वतनाचे कागद, खलिते, खासगी पत्रं, सगळं मोडी.

ती का टिकली ते बघा. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरं जोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिताना पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. तुम्ही जितकी नेमकी लिपी करू बघता, तितकी मोडी ढिली आहे. तरी राज्यकारभार तिच्यावर चालला, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्या व्यवहारातले होते, कागदात काय असणार हे दोघांना ठाऊक असे. लिपीला उच्चाराची नक्कल करणं हे एकच काम नसतं. वेग हेही काम आहे.

छपाई आली आणि गणित फिरलं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी (छपाईच्या धातूच्या टायपांनी) छापला गेला होता, पण पुढे बाळबोध छपाईच रूढ झाली. हात न उचलण्याचा फायदा खिळ्यांना काय होणार! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. आज संशोधकांपुढे ढीगच्या ढीग कागद पडून आहेत आणि वाचणारे हात बोटांवर मोजण्याइतके. एखाद्याची एवढी उमेद असेल तर त्याने ती इकडे लावावी, असं मला मनापासून वाटतं.

अवांतर: सावरकरांची लिपिशुद्धीही या धाग्यात यायला हवी. आपण ओ, औ हे 'अ'लाच काना-मात्रा देऊन लिहितो, मग अि, अी, अु, अू, अे, अै असंच का लिहू नये, हा त्यांचा सवाल होता. खिळ्यांची संख्या कमी व्हावी हा व्यावहारिक हेतू. तशी छपाई झालीही. तर्कात खोट काढता येत नाही, पण 'इ' ऐवजी 'अि' वाचायला सवयीचा डोळा तयार झाला नाही.

कित्ता

बोरूकाका, मोडीबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं आणि मी मोडी शिकतो आहे. पण दोन कामं वेगळी आहेत. मोडी शिकणं म्हणजे जे लिहून ठेवलं आहे ते वाचणं. मला आजच्या बोलण्याचा हिशेब मांडायचा आहे. दोन्हींना जागा आहे.

साकची, 'अहद'ची माहिती अमूल्य. दोन च-साठी एकच अक्षर, आणि अ, आ, उ, ओ यांच्या आधी टाळूवरचा च आला तरच खूण, असं केलं तर 'त्याचा-त्याची-त्याचे' या मालिकेत कुठेही खूण लागत नाही. 'चहा'ला लागेल, 'जग' नाम असेल तर लागेल, 'जगणं'ला लागणार नाही. हे मला फार सुटसुटीत दिसतंय.

वैनगंगा
*लिपी दोन, भाषा एक*

मी गडचिरोलीत शिक्षिका आहे. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी गोंडी बोलतात. म्हणून या धाग्यात एक वेगळी बाजू मांडते.

गोंडीला एक नाही, दोन लिप्या आहेत. पहिली बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली. तिच्यात देवनागरीसारखाच अ गृहीत धरलेला, स्वरांच्या खुणा अक्षराला जोडलेल्या. दुसरी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमधली. ती तिथल्या गोंड समाजाने जपून ठेवलेली होती आणि हैदराबाद विद्यापीठातले जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. पहिली २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, दुसरी २०१८ मध्ये. गुंजाळाची लिपी वाचता येणारी वयस्क मंडळी थोडीच उरली होती, तिथल्या शाळांमधून ती पुन्हा शिकवायला घेतली गेली, हे मला फार मोठं काम वाटतं.

तरी आमच्याकडची वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्रात गोंडी लिहिली जाते ती बहुतेक देवनागरीत. तेलंगणात तेलुगू लिपीत. गोंडी पाच-सहा राज्यांत विभागलेली आहे, मराठी, हिंदी, तेलुगू, उडिया यांच्या शेजाराने तिचे शब्दही ठिकठिकाणी बदललेत. लिपी एक झाली तरी शब्द एक होत नाहीत. आणि लिपी दोन असतील तर कुठली शिकवायची यावर आधी एकमत लागतं, पुस्तकं लागतात, शिक्षक लागतात. वर्गातल्या मुलाला आज हवं असतं ते त्याच्या बोलीतलं वाचायला काहीतरी.

असं असूनही मसराम लिपीत आपलं नाव लिहिता आलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. फळ्यावर त्याने नाव लिहिलं आणि शेजारी बसलेल्याला विचारलं, वाच. शेजाऱ्याला येत नव्हतं. मधल्या सुट्टीत त्याने ते शेजाऱ्याला शिकवलं. लिपीचं बळ मला तिथे दिसतं. आपली भाषा म्हणजे घरातलं बोलणं, लिहायची भाषा दुसऱ्यांची, हे जे मुलांच्या मनात बसलेलं असतं, ते आपल्या अक्षरांमुळे हलतं.

कित्ता, तुमच्यावर टीका म्हणून नाही, पण विचारते. मराठीला लिपीची गरज नव्हती. तुमच्या लिपीत तुमच्याखेरीज कोण वाचणार आहे?

अक्षरवेडी

वैनगंगाताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. फक्त शेवटच्या प्रश्नाबद्दल एवढंच म्हणेन की कुणी वाचणार नसेल तरी लिपी घडवणं वाया जात नाही. माझी रोजनिशी कुणी वाचू नये म्हणूनच त्या लिपीत आहे. शिवाय ती घडवताना मी मराठीकडे जितकं कान देऊन ऐकलं, तितकं व्याकरणाच्या तासाला कधी ऐकलं नव्हतं. 'आचार्यांनी' आणि 'आचाऱ्यांनी' यांत र आणि य नेमके कसे जोडले जातात, हे मला लिपी करताना कळलं.

अटलांटावासी
*सेक्वोया आणि त्याची लेक*

वैनगंगाताईंच्या मधल्या सुट्टीवरून चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांची गोष्ट आठवली. आमच्या शहरापासून उत्तरेला गाडीने तासा-सव्वातासावर न्यू एकोटा आहे, चेरोकी राष्ट्राची जुनी राजधानी. छापखान्याची इमारत पुन्हा उभी करून तिथे जपली आहे. भारतातून कुणी आलं की मी आवर्जून तिकडे नेतो.

सेक्वोया चांदीकाम करणारा कारागीर. इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात, म्हणजे हे शक्य आहे, एवढ्याच माहितीवर तो सुमारे १८०९ मध्ये कामाला लागला. आधी प्रत्येक शब्दाला एक चिन्ह करून पाहिलं. ती संख्या आवरेना. मग शब्द तोडून ऐकायला लागला आणि सगळी भाषा थोड्याच ध्वनितुकड्यांत बसते असं त्याच्या ध्यानात आलं. १८२१ च्या सुमारास ८६ चिन्हांची लिपी पुरी झाली. एक चिन्ह म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर, आपल्या बाराखडीतल्या घरासारखं, पण 'ला' आणि 'ली' यांच्या आकारात काही नातं नाही. इंग्रजी पुस्तकातले काही आकार त्याने उचलले आणि त्यांना आपले आवाज दिले. इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसणारं चिन्ह तिथे 'ला' आहे, डीसारखं दिसणारं 'आ'. कित्तांच्या दृष्टीने पाहिलं तर ही लिपी अगदी अशास्त्रीय.

लोकांना आधी हा जादूटोणा वाटला. सेक्वोयाची लेक आयोका लहान होती, तिने लिपी शिकून घेतली होती. जाणत्या माणसांसमोर दोघांना एकमेकांपासून दूर ठेवलं, एकाला मजकूर सांगून लिहायला लावला आणि दुसऱ्याकडून वाचून घेतला. शंका फिटली. १८२५ मध्ये चेरोकी राष्ट्राने लिपी स्वीकारली आणि २१ फेब्रुवारी १८२८ ला न्यू एकोटातून चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वर्तमानपत्र निघालं. दहा वर्षांनी याच लोकांना घरादारावरून हाकलून पश्चिमेला पायी नेलं, वाटेत हजारो मेले. लिपी त्यांच्याबरोबर गेली आणि आजही चालू आहे.

उलट उदाहरण इंग्रजीचं. बर्नार्ड शॉने मृत्युपत्रात इंग्रजीच्या नव्या लिपीसाठी तजवीज केली. स्पर्धा झाली, ४८ अक्षरांची उत्तम लिपी तयार झाली, त्याचं एक नाटक १९६२ मध्ये तिच्यात छापलं. अक्षरं सुंदर आहेत. वापरणारे हौशी लोक आजही आहेत, पण इंग्रजी आहे तशीच आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला आधीच वाचता येत होतं.

खिळेजुळारी

सेजोंगची गोष्टही अगदी गोड नाही, हे राहून गेलं होतं. त्याच्याच दरबारातल्या छ्वे मान्री या विद्वानाने १४४४ मध्ये राजाला विरोधाचा अर्ज दिला. चिनी अक्षरं सोडून वेगळी लिपी करणं म्हणजे सुसंस्कृत जगातून बाहेर पडणं, असा त्याचा रोख होता. पुढे कित्येक शतकं दरबाराचं लेखन चिनी अक्षरांतच चाललं. नवी लिपी बायकांच्या पत्रांत, कथा-कादंबऱ्यांत, सामान्य माणसांच्या हातात वाढली. राजाने काढलेली लिपीसुद्धा हुकमाने रुळली नाही.

संगणकी
*टंकायचं कसं*

थोडी यंत्राची बाजू. कित्ता, तुमची रचना देवनागरीसारखीच असेल, म्हणजे अ गृहीत आणि स्वरांच्या खुणा, तर सोपा मार्ग आहे. देवनागरीच्या युनिकोड सांकेतांकांवरच (प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांवर) तुमचे आकार बसवून फॉन्ट करा. मजकूर आतून मराठीच राहतो, फॉन्ट बदलला की देवनागरी दिसते, शोधही चालतो. फॉन्टफोर्जसारखं मोफत साधन पुरेल.

स्वर उघड लिहिणार असाल तर मात्र युनिकोडमधला खासगी वापराचा विभाग घ्या. पायाभूत पट्ट्यात त्यासाठी ६,४०० जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. तिथे काहीही बसवता येतं, फक्त समोरच्याकडे तुमचा फॉन्ट हवा, नाहीतर त्याला रिकामे चौकोन दिसतील. अधिकृत जागा हवी तर युनिकोडला वापराचे पुरावे दाखवावे लागतात: छापील मजकूर, शिकणारे लोक, पत्रव्यवहार. चांगली रचना हा पुरावा धरत नाहीत.

ॲडलम लिपीचा प्रवास बघण्यासारखा आहे. पश्चिम आफ्रिकेत गिनीतल्या न्झेरेकोरे शहरात १९८९ मध्ये इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी या भावांनी, वयं १४ आणि १०, फुलानी भाषेसाठी ती खोलीत बसून तयार केली. डोळे मिटून रेघा काढायच्या, आवडलेला आकार निवडायचा. फुलानी अरबी लिपीत लिहीत, पण तिचे काही आवाज अरबीत नाहीत, त्यामुळे वडिलांकडे आलेली पत्रं वाचताना अडखळायला व्हायचं. त्यांनी आधी बहिणीला शिकवलं, मग बाजारातल्या लोकांना, आणि शिकलेल्याने पुढे आणखी लोकांना शिकवायचं. पुस्तकं हाताने नकलून वाटली. २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. भाऊ मोठे होऊन अमेरिकेत पोचले होते, पण पुरावा बाजारपेठांतला होता.

बोरू

संगणकी, देवनागरीच्या सांकेतांकांवर बसवण्याची युक्ती मोडीसाठीही लोकांनी वापरली आहे. मोडीला २०१४ पासून स्वतःचा विभाग आहे, तरी कळफलकाच्या सोयीने ते जुने फॉन्ट चालतात. सराव करणाऱ्याला उपयोगी पडतात, एवढं खरं.

कित्ता

सर्वांचे आभार. जे ठरलं ते लिहितो.

अ गृहीत धरणार. 'गवत-गवताचा'मुळे ते पक्कं झालं. च, ज, झ एकेकच, टाळूवरच्यासाठी खूण, आणि तीही फक्त शंका असेल तिथे. अनुस्वाराचं टिंब मात्र काढणार. संप, संत, शंख इथे त्या त्या वर्गाचं अनुनासिक लिहायचं, आणि संवाद, संशय, संयम, सिंह यांसाठी एक वेगळं चिन्ह. महाप्राणाची गाठ खालून काढून उजव्या टोकाला नेली, म्हणजे लिहिताना ती शेवटी येते आणि आडव्या रेघेत अडकत नाही. अक्षरवेडीताई, घाईत लिहिलेलं पान बाजूला ठेवलं आहे.

वैनगंगाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आजतरी 'कुणी नाही' हेच आहे. भाचीला शिकायची आहे. ती पाचवीत आहे. तिला मी तक्ता देणार, समजावून सांगणार नाही, आणि एक चिठ्ठी पाठवणार. तिला वाचताना जिथे अडेल तिथे लिपीत दुरुस्ती. इथल्या कुणाला तक्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, त्यालाही चिठ्ठी येईल.

वैनगंगा

मला पाठवा. उत्तर त्याच लिपीत लिहिते. आणि जमलं तर खुणांची तुमची ही पद्धत गोंडीतल्या ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांना देवनागरीत लिहिताना वापरता येईल का, यावर वेगळा धागा काढा. तिथे आम्हाला रोज अडतं.

साकची

मलाही हवा. आणि वैनगंगाताईंच्या मुद्द्याचा धागा लवकर काढाच.

खिळेजुळारी

तक्ता पाठवताना प्रत्येक अक्षर दोन मापांत द्या, एक मोठं आणि एक वर्तमानपत्राच्या बारीक टायपाएवढं. गाठ उजवीकडे नेल्यावर 'ख' आणि काना लागलेला 'ग' बारीक मापात एकमेकांत मिसळतील अशी मला शंका आहे. शिवाय 'सिंह'चं वेगळं चिन्ह वेलांटीच्या वर बसणार की पुढे, तेही त्यात दाखवा.